चौकशीची खिडकी

अप्पा, माझी कादंबरी छापून आली. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, ती तुमच्या हाती पडायची भीती नव्हती, म्हणूनच मोकळेपणी लिहिली. तिच्यातला माणूस गावोगाव फिरत राहतो. फिरता फिरता त्याला घराची वाट आठवेनाशी होते, पुढे स्वतःचा आवाजही परका वाटायला लागतो. का, तर निघताना बापाने त्याला कधी विचारलंच नाही, की बाबा, चाललास कुठे. हा बाप सरळसरळ तुमच्यावरून उचललाय.

निघणाऱ्याला 'कुठे' म्हणून विचारू नये, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण आपल्या बीडच्या गल्लीत लोक त्यातूनही वाट काढायचे, 'लांब निघालीस का' एवढं तरी म्हणायचे. तुम्ही तेवढंही नाही. मी बॅग घेऊन दुकानाच्या पायरीशी उभी आहे, तुम्ही तराजूत शेंगदाणे टाकताय. 'सावकाश जा' म्हणता आणि पुन्हा मान खाली. पुण्याला निघाले तेव्हा हेच, नागपूरला निघाले तेव्हाही हेच. भयंकर राग यायचा मला. पोरगी कुठे का जाईना, यांना काय त्याचं, असं वाटायचं.

परवा नेकनूरला आत्याकडे गेले होते. तिने कादंबरी वाचली होती. चष्मा काढून म्हणाली, "लई चांगलं लिवलंस. पर ह्यो बाप आमचा दादा न्हाई."

"कावून गं?"

"तू निगालीस की दुकान तसंच टाकून तुज्या मागं स्टँडवर यायचा त्यो. तू गाडीत बसोस्तर खांबाआड उभा. मंग चौकशीच्या खिडकीत जाऊन इचारायचा, पोरगी बसली ती गाडी कुठं चाललीय. खिडकीवाला बी हसायचा त्याला."

हातातला चहा तसाच गार झाला. इतक्या वर्षांत मी पाठीमागे एकदा वळून बघितलं असतं, तर ही कादंबरी झालीच नसती, आणि मला ते चाललं असतं.

आता छापलेलं बदलता येत नाही. हा कागदही पुस्तकातच घालून ठेवणार आहे, टाकणार तरी कुठे? एक मात्र सांगते. परतताना बीडच्या स्टँडवर माझी गाडी समोरच उभी होती. तरी मी खिडकीशी गेले, गाडीकडे बोट करून विचारलं, "ही कुठं चाललीय?"

"पुन्याला. बोर्ड दिसंना का, ताई?"

दिसत होता, अप्पा.