पंधरा की पन्नास

९ जानेवारी, सोमवार

कॅसेटी बंद! आजपासून जर्मनच्या वर्गात सगळं इंटरनेटवरून. संस्थेच्या मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं. म्हणाल्या, तुमचे विद्यार्थी तिकडे नोकरीला गेल्यावर त्यांना कॅसेटमधली माणसं भेटणार आहेत का, सर? भिंतीवर पडदा लावलाय, स्पीकर लावलेत, आता बातम्या दाखवा, मुलाखती दाखवा, खरी माणसं ऐकवा.

मुद्दा बिनतोड. मान हलवून बाहेर पडलो.

बावीस वर्षं त्याच कॅसेटी. मध्ये त्यांच्या सीडी झाल्या, पण माणसं तीच. दुकानदार कुठं खोकतो, स्टेशनवरची बाई कुठं अडखळते, सगळं तोंडपाठ. खरं सांगायचं तर मी त्या ऐकतच नव्हतो. ओठ आपोआप हलायचे.

१० जानेवारी, मंगळवार

आज वर्ग नाही. दिवसभर संगणकापुढं. काय खजिना आहे! सावकाश वाचलेल्या बातम्या, दुकानातली बाचाबाची, दवाखान्यातले संवाद. एका साइटवर तर एखादा शब्द लिहायचा आणि तो चार वेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकायचा. ऐकला. चौघंही तोंडात घास ठेवून बोलत होती. आवाज वाढवला — तरी तेच.

खालच्या काकू वर आल्या. म्हणे बेल तीनदा वाजवली, मग दार ठोठावलं. इतक्या मोठ्यानं काय चाललंय? स्पीकर खराब आहे म्हणून सांगितलं. बेलही बिघडलेली दिसते. माणूस एकटा राहिला की घरातल्या वस्तूसुद्धा त्याला जुमानत नाहीत.

१३ जानेवारी, शुक्रवार

युक्ती सापडली! व्हिडिओच्या खाली ओळी उमटतात — जे बोललं जातं ते सगळं, लिहून. आदल्या दिवशी छापून घ्यायच्या, घोकायच्या आणि वर्गात ऐटीत उभं राहायचं. नवी कॅसेटच की ही. कानाडोळा कानाडोळा म्हणतात तो हाच असावा — कानाचं काम डोळ्यावर ढकलणं.

वर्ग खूश. पाचच जण, पण गुणी. एक नर्स, एक बसड्रायव्हर, एक सुतार आणि दोघी बहिणी, ज्या कायम एकाच पुस्तकात डोकं घालून बसतात. काय खणखणीत बोलतात सगळी! हल्ली बाहेर जो तो पुटपुटतो. बँकेतली मुलगी पुटपुटते, औषधवाला पुटपुटतो, मोठ्या बाईसुद्धा अर्धं वाक्य गिळतात. माझ्या वर्गात मात्र तोंड उघडून बोलायचं, ही शिस्त. बावीस वर्षांत एवढं तरी कमावलं.

१५ जानेवारी, रविवार

लेकीचा फोन. चार मिनिटं. ती बोलत होती, मी "हो हो, छान छान" करत होतो. मग सिग्नल नाही म्हणून ठेवून दिला.

थोड्या वेळानं तिचा मेसेज — "बाबा, तीन दिवस ताप आहे म्हटलं तर छान छान काय?"

लाइन खराब होती, असं लिहिलं. पूर्वी फोन आमची हीच घ्यायची. दोघी तासभर बोलायच्या आणि मला नंतर चार वाक्यांत बातम्या मिळायच्या. ही गेल्याला मार्चमध्ये तीन वर्षं होतील. लेकीशी बोलायचं कसं, ते मी कधी शिकलोच नाही.

२० जानेवारी, शुक्रवार

वर्ग झाला. घरी आलो. जेवलो. भांडी घासली.

२३ जानेवारी, सोमवार

आज नको ते झालं. दवाखान्यातला संवाद लावला होता. डॉक्टर रुग्णाला औषधाचे थेंब किती घ्यायचे ते सांगतो. मी फळ्यावर लिहिलं — पन्नास थेंब, फ्युन्फत्सिश. नर्स हात वर करून उठली.

"सर, पंधरा म्हणतोय तो. फ्युन्फत्सेन."

मी पडद्याकडे बोट दाखवलं. ओळीत स्वच्छ पन्नास होतं. तरी बाई खाली बसेना.

"पन्नास थेंब कोण देईल, सर? माणूस दोन दिवस उठायचा नाही."

बाकीचे हसले. मला राग आला. म्हणालो, "हा जर्मनचा वर्ग आहे, नर्सिंगचा नाही." ती बसली. वहीत पन्नास लिहिलं. पेन जरा जास्तच दाबून लिहिलं, ते मी पाहिलं.

पंधरा आणि पन्नास. जर्मनमध्ये दोन्हींचं तोंड एकच, फरक फक्त शेपटीत. हे मीच दरवर्षी शिकवतो.

२४ जानेवारी, मंगळवार

साइटला पत्र लिहिलं. तीन परिच्छेद, एकही विभक्ती चुकलेली नाही. आमच्या एका विद्यार्थिनीचा गैरसमज झाला आहे, आपला वक्ता पन्नासच म्हणतो, याची कृपया खात्री करून द्यावी. पत्र झकास उतरलं. नर्सला दाखवीन म्हणतो.

२८ जानेवारी, शनिवार

उत्तर आलं. कुणी संपादकबाई आहेत. आभार मानलेत. लिहितात — आपली विद्यार्थिनी बरोबर आहे. वक्ता पंधराच म्हणतो. खालच्या ओळी यंत्र आपोआप लिहितं आणि कधीकधी चुकतं. आम्ही दुरुस्ती केली आहे. आपण कान देऊन ऐकलंत तर सहज कळेल.

कान देऊन! स्पीकरला कान चिकटवून तीस वेळा ऐकलं. फ्युन्फ — पुढं काही नाही. शेपूट कुणी कापून नेल्यासारखी. मग त्या चार माणसांच्या साइटवर गेलो. पंधरा ऐकलं, पन्नास ऐकलं. आठही वेळा तेच. फ्युन्फ. फ्युन्फ. फ्युन्फ.

स्पीकर खराब नाही. लाइन खराब नाही. बेल तर नाहीच नाही.

३० जानेवारी, सोमवार

वर्गात सांगून टाकलं, पंधराच बरोबर होतं, यंत्राची चूक. यंत्राची! माझी म्हणायला जीभ रेटली नाही. नर्स "बरं सर" म्हणाली आणि वहीतलं पन्नास खोडलं. एवढंच. ती चार शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं. इतका कानकोंडा मी जन्मात झालो नव्हतो.

१ फेब्रुवारी, बुधवार

वर्गाला सुट्टी दिली, तब्येतीचं निमित्त करून. आज दिवसभरात माझ्याशी कुणी बोललं नाही. निदान मला तरी ऐकू आलं नाही.

६ फेब्रुवारी, सोमवार

वर्ग सुटल्यावर नर्स थांबली. चार मार्चला तिची परीक्षा आहे. मागच्या वेळी बोलण्यात नापास झाली होती. तिकडचं रुग्णालय तिच्यासाठी जागा धरून बसलंय, पण या खेपेला पास झाली नाही तर दुसरीला देणार. उच्चार कुठं चुकतात ते सांगा म्हणाली. मी त्या साइटचं नाव सुचवलं — आपला आवाज भरायचा, त्यांच्या आवाजाशी ताडून बघायचा.

"साइटला काय कळतंय, सर? तुम्ही ऐका."

तिनं पान वाचलं. माझ्याकडे तोंड करून, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून. आवाज पोचत होता, पण चुका कुठं होत्या? शेवटचे स, श, त — आहेत की नाहीत, देव जाणे. मी मान डोलवत राहिलो. छान, म्हटलं. ताप आलेल्या लेकीलाही छानच म्हटलं होतं.

ती समाधानानं गेली. मी रिकाम्या वर्गात खुर्चीवर बसून राहिलो. कानाचं यंत्र लावलं की पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळणार, आणि बहिऱ्याकडे भाषेचा वर्ग कोण ठेवील? वर्ग गेला की मला सर म्हणणारं कुणी उरत नाही. घरात तर नावानं हाक मारणारंही नाही. आणि नाही लावलं, तर ही बाई माझ्या छानच्या भरवशावर परीक्षेला जाणार.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन. आवाज आला की बटण दाबायचं. मी भराभर दाबत सुटलो. डॉक्टर दार उघडून आत आले. "आजोबा, मी अजून सुरूच केलं नाही." आयुष्यभर पोरांच्या कॉप्या पकडल्या आणि आज स्वतः सापडलो!

मग खरी तपासणी झाली. कागदावरची रेघ घसरगुंडीसारखी खाली गेलीय. बारीक आवाज गेलेत — स, श, फ, त. त्यांनी विचारलं, किती वर्षं होतंय? दोनेक, म्हटलं. म्हणाले, ही रेघ दहा वर्षांची तरी आहे, घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?

आलं होतं. ही शेजारी बसून प्रत्येकाचं बोलणं पुन्हा म्हणायची. दारात कोण आलंय, पाहुणे काय म्हणतायत, बातम्यांत काय सांगितलं. मी वैतागायचो. बहिरा आहे का मी? तर म्हणायची, नाही हो, मला मेलीला बडबडायची सवय. मी तिला चारचौघांत पोपट म्हणायचो. सगळे हसायचे, तीही हसायची. आज फार वाईट वाटलं. समोर असती तर हात जोडले असते.

१२ फेब्रुवारी, रविवार

लेकीला लिहून कळवलं. यंत्र दहा दिवसांत मिळेल. तिचं उत्तर लगेच आलं — "आईनं मला कधीच सांगितलं होतं. म्हणाली, त्यांना कळू देऊ नकोस, वर्ग सोडून बसतील."

दोघींनी मिळून! आणि मी समजत होतो, लेक कमी बोलते.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

मोठ्या बाईंना पत्र लिहून ठेवलंय. ऐकू येत नाही हे लपवलं, चुकीचं शिकवलं, वर्ग दुसऱ्या कुणाकडे द्यावा. नर्सच्या परीक्षेपर्यंत तेवढं थांबू द्यावं. बुधवारी आधी वर्गाला सांगेन, मग बाईंना देईन. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

यंत्रं आली. दोन आहेत, शेंगदाण्याएवढी. केसांत लपतात.

घर किती बोलतं! फ्रिज घरघरतो, चपला फटफटतात, नळ गळतोय — कधीपासून कोण जाणे. वर्तमानपत्राचं पान उलटताना दचकलो. पंधरा ऐकलं. पन्नास ऐकलं. शेपट्या दोन्हींना आहेत, आणि निराळ्या आहेत! पाच वर्षांच्या पोरासारखा पुन्हा पुन्हा लावत बसलो. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून इथं लिहितोय.

२२ फेब्रुवारी, बुधवार

पत्र खिशात घेऊन वर्गापाशी गेलो. दार उघडं होतं. आत पाचही जण गप्पा मारत होते. हलक्या आवाजात, शब्द गिळत, बँकेतल्या मुलीसारखेच. दोघी बहिणी तर कुजबुजतच होत्या. मला सगळं ऐकू येत होतं.

मी पाऊल आत टाकलं. सगळी उठली, माझ्याकडे तोंडं केली आणि एकदम ओरडायला लागली. नमस्कार ओरडून. तब्येतीची चौकशी ओरडून. सुताराच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. ड्रायव्हरचा घसा बसलेला.