फ्लोरीआंटींची खुर्ची आणि माझा निकाल

शनि. ९ नोव्हें.
फर्निचरच्या वर्गाचा शेवटचा दिवस. इंटिरियर डिझाइनच्या ऑफिसने पाठवलं, कारण व्हिलावाल्या क्लायंटना हल्ली सगळं फ्रेंच हवं असतं आणि आमच्यात कुणालाच धड काही कळत नाही. आता मला कळतं! पाय नागमोडी वळलेला असेल तर लुई पंधरा राजाच्या काळची घडण. पाय सरळ, खाली निमुळता, त्यावर उभ्या खाचा, पाय बैठकीला मिळतो तिथे चौकोनात कोरलेलं फूल, पाठ लंबगोल, माथ्यावर रिबिनीची गाठ, तर लुई सोळा. वळणं गेली, रोमन खांबांची शिस्त आली. रात्री जेवताना मिलिंदला फोटो दाखवून पिडलं. म्हणाला, "आपल्या सोफ्याला नावं ठेवू नकोस म्हणजे झालं."

रवि. १०
समोरच्या बिल्डिंगमध्ये फ्लोरीआंटींच्या नातीचा वाढदिवस. दुबईतल्या आमच्या डिस्कव्हरी गार्डन्समधली सगळी वसईकर मंडळी तिथे. आंटींनी नेहमीप्रमाणे आपली खुर्ची बाहेर आणवली. ज्या फ्रेंच मॅडमकडे त्या हाउसकीपर होत्या, तिने दुबई सोडताना दिलेली. "माझ्या पणजीची आहे, फ्लो, तुझ्याकडे राहू दे." मॅडमची मुलगी क्लेअर आंटींच्या कडेवर वाढली. खुर्चीची गोष्ट सगळ्यांना पाठ, पण तिच्यावर बसायची कुणाला परवानगी नाही.
"मेधा, तू शिकलीस ना? सांग यांना."
मी लगेच खुर्ची उलथवली. घडण लुई सोळा, शंकाच नाही. पण बैठकीखाली चारी कोपऱ्यांत ठोकळे, त्यांवर मशीनच्या करवतीचे अर्धगोल ओरखडे, चकचकीत स्क्रू. सगळे माझ्याकडे बघत होते. फोनवर दोनचार फोटो काढले (उगाच, एक्स्पर्टसारखे) आणि म्हणाले, "स्टाइल बरोबर आहे आंटी, पण ही कॉपी आहे. पणजीची नाही. फार तर मॅडमच्या आईने घेतली असेल."
कुणीतरी हसलं. त्यांचा नेल्सन ओरडला, "खलास! मम्मीचं म्युझियम बंद!"
आंटींनी मला केकचा तुकडा मात्र मोठा दिला.
घरी येताना मी खूश होते. हे मुद्दाम लिहून ठेवते.

गुरु. १४
सुपरमार्केटात आंटी भेटल्या. कोथिंबीर हातात घेऊन उभ्या. "काही नसतं दिलं तरी चाललं असतं गं. मी काय मागितलं होतं? खोटं कशाला बोलायचं?"
म्हटलं, कदाचित मॅडमलाच माहीत नसेल.
"स्वतःच्या पणजीचं माहीत नाही?"
क्लेअरचं डिसेंबरात लग्न. आंटींचा फ्रान्सचा व्हिसा आलाय, मॅडमने तिकीटही पाठवलंय. आता आंटी म्हणतात, जाणार नाही. खुर्ची चर्चच्या ख्रिसमसच्या नाटकाला देऊन टाकली. हेरोद राजाला सिंहासन हवं होतं.
पण मी खरं तेच सांगितलं ना? कॉपीला कॉपी म्हणायचं नाही तर काय…

सोम. १८
शारजा इंडस्ट्रियल एरियात, क्लायंटचे सोफे बघायला. वर्कशॉपमध्ये एक जुनी खुर्ची उलटी पडलेली, आजोबांच्या दातासारखी हलणारी. कारागीर तिच्या कोपऱ्यांत नवे ठोकळे बसवत होता. स्क्रूने. ठोकळ्यांवर अर्धगोल ओरखडे.
बघतच राहिले. मग गाडीत बसून आंटींच्या खुर्चीचे फोटो मोठे करून पाहिले. ठोकळे नवे. चौकट नवी नाही. आतल्या बाजूला करवतीच्या खुणा सरळ पण वेड्यावाकड्या, हाताच्या. सांध्यांत लाकडी खुंट्या, थोड्या वर आलेल्या. पायांवरच्या खाचा एकसारख्या नाहीत. कापडाखाली अर्धवट लपलेला कारागिराचा शिक्का, दोन अक्षरं दिसतात. हे सगळं मी फोटोत टिपलं होतं आणि पाहिलं नव्हतं. दुरुस्ती पाहून खुर्चीचं वय ठरवलं. वर्गात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हे करू नका.
ड्रायव्हर विचारत होता, "मॅडम, तबीयत ठीक है?"

बुध. २०
आंटींना न सांगता चर्चच्या हॉलवर गेले. आधी नीट खात्री करू, मग सांगू, असं मनाशी. (खोटं. धीर होत नव्हता.)
खुर्ची सोनेरी झाली आहे. स्प्रे पेंट. फूल, रिबीन, खाचा, सगळं बुजलं. नाटकवाला सॅबी म्हणाला, "कसली रॉयल दिसते ना?" मी हो म्हणाले. लाज वाटते. कशी मान हलवली मी!
इराला सांगितलं. लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "यू शुड टेल हर, आई. लाइक, टुडे."
मिलिंद म्हणतो, आता खुर्ची गेलीच आहे, कशाला दुखवतेस? त्याचं पटावं अशी फार इच्छा होती. एक दिवस पटवूनही घेतलं असतं, पण क्लेअरचं लग्न थांबणार नाही.

शुक्र. २२
नेल्सनच्या बायकोने पार्किंगमध्ये सांगितलं. आंटींनी मॅडमला व्हॉइस मेसेज पाठवला. येणार नाही, तुमच्या घरात मी कोण होते ते आता कळलं, असं काहीतरी. मॅडमने ऐकला. उत्तर नाही.
हे माझ्यामुळे. दुसऱ्या कुणामुळे नाही.

रवि. २४
सांगितलं. आंटी चर्चमधल्या मिस्साहून आल्या होत्या, कोळंबी सोलत होत्या. मी ठोकळे, खुंट्या, करवत असं सगळं घडाघडा बोलत सुटले. त्यांनी थांबवलं.
"म्हणजे खरी आहे?"
"बहुतेक खरीच. चूक माझी झाली. मी मॅडमला फोन करून सांगते."
वाटलं होतं चिडतील, घराबाहेर काढतील. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी हात धुतले, बराच वेळ पुसत राहिल्या.
"तू काय, खुर्ची एकदा उलथवून बघितलीस. मी त्या बाईच्या घरात इतकी वर्षं काढली. तिची पोर वाढवली. मी कसं मानलं?"
मी माफी मागायला गेले होते आणि त्या स्वतःलाच दोष देत बसल्या. किती वेळा म्हटलं, आंटी, चूक माझी आहे. ऐकतच नव्हत्या.
फोन त्यांनीच लावला. वाजत राहिला, बंद झाला. "मिस्साला गेली असेल," म्हणाल्या. पुन्हा लावला. तेच. क्लेअरला लावला. तिनेही नाही घेतला.
मग फोन माझ्यापुढे धरला. "मेधा, तो मेसेज पुसता येतो का गं?"
"येतो, आंटी. पण त्यांनी ऐकलाय."
"हं."
पुन्हा मॅडमचा नंबर लावला. मी निघते म्हणाले, तर हातानेच बस म्हणाल्या.