चाळीस मिनिटांची पायरी

नेकारसुल्म, जर्मनी, ४ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
उल्हासचा शि. सा. न.

भाग घट्ट धरणारी अकरा फिक्श्चर, माप तपासायची सात गेज, अवजारांची लाकडी पेटी आणि ब्रेकचे भाग मोजायची तेरा पायऱ्यांची पद्धत. एवढं मी इथं तीन वर्षांत स्वतःच्या हातानं केलं. आयटीआयचं तोंडही न पाहता! आता कंपनी त्या पद्धतीला 'बेस्ट प्रॅक्टिस' म्हणते. म्हणजे हे काम करायची आजवर सापडलेली सर्वांत चांगली रीत. ती कागदावर उतरवायची आणि तिन्ही कारखान्यांत सगळ्यांनी तशीच पाळायची. खाली नाव माझं.

पण आमचे साहेब, हेर ब्रेनर, यांनी एक पायरी खोडली: यंत्रातून निघालेला भाग चाळीस मिनिटं थंड होऊ द्यायचा, मगच मोजायचा. वेळ जातो म्हणे. अगं, गरम धातू फुगलेला असतो, माप खोटं येतं. आणि ब्रेक आहे तो, खेळणं नव्हे! अशा खोडलेल्या कागदावर सही केली तर नोकरी कायम, नाही तर करार मार्चअखेर संपतो. जेवण जात नाही. तुझी भावजय सुमेधा म्हणते, माझ्या येरझाऱ्यांना कंटाळून खालच्या मजल्यावरची बाई इमारत सांभाळणाऱ्या हाउसमायस्टरला बोलावेल. काय करू, कळव.

तुझा उल्हास

सांगली, १९ फेब्रुवारी

चि. उल्हासला अनेक आशीर्वाद.

कळलं. माझ्या पापडाच्या बायका पिठात पाणी मापानं घालतात, तसंच हे. पण ते माप परवा त्यांच्यातल्याच ईप्सितानं बदलायला लावलं. पापड फुटत होते आणि माप ठरवणाऱ्या माझ्या सासूबाई ऐकत नव्हत्या! म्हणून विचारते, चाळीसच का? मोजलंस की ठरवलंस? रागावलास तरी जेव.

तुझी ऊर्मिलाताई

नेकारसुल्म, १६ मार्च

ती. सौ. ताईस, शि. सा. न.

दोन दिवस रागावलो, मग मोजलं. साठ भाग, दर पाच मिनिटांनी. मापं मी नाही, शेजारच्या यंत्रावरच्या शशिकांतनं घेतली. पंचवीस मिनिटांनंतर माप हलत नाही. चाळीस मिनिटं मी नुसती ठरवलेली होती, ताई. आणि न थांबता मोजलं, तर साठांत नऊ खराब भाग पास होतात.

चाळीस खोडून पंचवीस लिहिलं, तक्ता घेऊन साहेबांकडे गेलो. म्हणाले, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, तक्ता सुरेख आहे, पण पायरी राहणार नाही. म्हटलं, मग खाली माझं नावही राहणार नाही. तक्ता गुणवत्ता विभागातही दिला. तिथून अजून काही कळलं नाही; करार पंधरा दिवसांनी संपतोय. येरझाऱ्या चालूच आहेत.

कान धरणारं तुझ्याशिवाय कोणी नाही, तेवढी माया राहू दे.

तुझा उल्हास

ता. क. सही केली असती तर स्टुटगार्टला कायमची जागा होती, वर्षाला बहात्तर हजार युरो. नको म्हटलं.