नाव न सांगणारी पोरं

सोमवार
सहावी नापास माणूस आज मास्तर झाला. मोटार दुरुस्तीचा तीन महिन्यांचा कोर्स, बारा विद्यार्थी, स्वतंत्र खुर्ची. निघताना बायको म्हणाली, निदान आज तरी समोरच्याला बोलू द्या. दिलं की. प्रत्येकाला विचारलं, नाव काय, वडील काय करतात. बाराही जण मूग गिळून बसले. मग धंद्यावर आलो: स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला, घरघर ऐकून मोटार किती दिवसांची सोबती ते ओळखायचं. तेव्हा कुठे पोरं पुढे सरकली.

मंगळवार
माझे हुकमी विनोद सांगितले. भिंत तरी हसली असती. पण कान म्हणाल तर! मागच्या बाकावरच्या लंबूने पाण्याचा पंप ऐकला आणि म्हणाला, उद्या साडेदहा. मी म्हटलं, बाबा रे, मी दिवस सांगतो, तू मिनिटं सांगतोस.

बुधवार
साडेदहाला पंप बंद पडला. लंबूला शाबासकी दिली, पुन्हा नाव विचारलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांच्या पोटातलं काढून घेतलं, इथे साधं नाव निघेना. डोकं फिरलं.
शिपाई चहा ठेवायला वाकला, तर पुढच्या बाकावरच्या मुलीने त्याच्या पाठीला स्क्रूड्रायव्हर लावला. म्हणाली, उद्या, जेवणानंतर. तो हसला. मीही.

गुरुवार
शिपाई जेवून उठला आणि जिन्यात कोसळला. गेला. वर्गात कुणी मानसुद्धा वर केली नाही. कारकून म्हणतो, आधीच्या मास्तरांचीही हीच तक्रार होती, पोरं ओळख देत नाहीत. ते सोडून का गेले, विचारलं. तो फायली लावत बसला.

शुक्रवार
टेबलावर हात आपटला. नावं सांगा, नाहीतर वर्ग बंद. शेवटी लंबू उभा राहिला. घरच्या म्हाताऱ्याची समजूत काढावी तसा म्हणाला,
"राग नका धरू, सर. सोमवारी तुम्ही या टेबलाला टेकलात, तेव्हाच ऐकलं आम्ही. उद्यापर्यंतच आहात. ओळख कशाला वाढवायची?"
किती वाजता, ते विचारायचं धाडस — बायकोला अजून काही —

शनिवार
गेलो नाही. सकाळपासून स्क्रूड्रायव्हर छातीला लावून — एवढा तयार कान, पण स्वतःचंच काही —

दारावर थाप. बाराही जण. बायकोने कौतुकाने आत घेतलं. मुलगी म्हणाली, सरांची एवढीच इच्छा होती, राहायला नको.

एकेक जण नाव सांगतोय. वडील, घर, सगळं. भराभर. मी म्हणतो, सावकाश रे, सावकाश. ते घड्याळाकडे —

दहा जण झाले. लंबूही झाला. आता शेवटचा. म्हणतो, सर, माझं नाव