सातवी पाकळी

४ फेब्रुवारी
आज रुजू झाले. त्रेचाळिसाव्या वर्षी शाळेच्या पहिल्या दिवसासारखा डबा घेऊन निघाले, म्हणून धाकटी बहीण दारात उभी राहून हसत होती. हसू दे. सतरा वर्षं कॉलेजात पानंफुलं फळ्यावर काढली, आता खरी हाताळायला मिळणार.

वनस्पती-संग्रहालयाची खोली लांबट आहे. उत्तरेला खिडक्या, दोन्ही बाजूंना लोखंडी कपाटं, आणि सगळीकडे डांबरगोळ्यांचा वास. जाड कागदावर एकेक वाळवलेली फांदी चिकटवून ठेवलेली. माझ्याकडे झुडपं आली. बघायचं, मोजायचं, वर्णन लिहायचं. इथला एक नियम फार आवडला: आधीच्याचं चुकलं असलं तरी त्याची चिठ्ठी काढायची नाही, खोडायचीही नाही. शेजारी आपली चिकटवायची, खाली नाव आणि तारीख. कुणाचं चुकलं, कुणी सुधारलं, सगळं उघड.

टेबल खिडकीशी आहे. शिपाईमामा म्हणाले, आधीच्या बाईंचं होतं, त्या सोडून गेल्या.

७ फेब्रुवारी
पहिलं मोठं काम. उष्ण, दमट जंगलातलं झुडूप, अडतीस वर्षांपूर्वी एकदाच सापडलेलं. जगात नमुना हा एवढाच. पानं समोरासमोर, देठ आखूड, खालच्या बाजूला दाट मऊ लव. फूल एकच, त्यामुळे भिजवून उलगडायची सोय नाही, भिंगातूनच बघायचं. ज्याने गोळा केलं त्याने लिहिलंय, पाकळ्या पाच. शेजारी आधीच्या बाईंची चिठ्ठी: पाकळ्या सहा, सहावीच्या कडेला चीर.

मी दोनदा मोजल्या. सहाच. प्रत्येकी पंधरा मिलिमीटर. पहिल्या माणसाची कीव आली. घरातलं एक माणूस मोजायचंच राहावं, तशी चूक.

११ फेब्रुवारी
वर्णनासोबत चित्र लागतं आणि चित्रकाराची जागा कधीची रिकामी आहे. मी भीतभीतच धाकटीचं नाव सुचवलं (बहीण म्हणून वशिला होतोय का, हा विचार रात्रभर होताच), पण साहेबांनी तिची चित्रं पाहिली आणि लगेच हो म्हणाले.

आज ती समोर बसून काढत होती. मध्येच म्हणाली, ताई, सात आहेत. मी म्हटलं, नीट मोज. ती म्हणाली, चहात साखर घालताना भिंग लावणारी तू, आणि हे दिसलं नाही? पाहिलं तर खरंच होती. सहावीला चिकटलेली, दोऱ्याएवढी, दोन मिलिमीटर. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती म्हणाली, लिही की तुझ्याच नावावर, कोण विचारतंय. मी ओरडलेच. आई गेल्यापासून हिला एवढं एकच तर शिकवलं, की दुसऱ्याचं ते दुसऱ्याचं. चिठ्ठी लिहिली: पाकळ्या सात, सातवी प्रथम पाहिली — आणि पुढे तिचं पूर्ण नाव. चिकटवली.

१४ फेब्रुवारी
शेवटची मापं घेतली. सातवी पाच मिलिमीटर भरली. त्या दिवशी दोन लिहिलंय. पट्टी बदलून मोजली. पाचच. माझंच वाचन चुकलं असणार, डोळे तपासून घ्यायला हवेत.

धाकटी आली नाही. अंगात त्राण नाही म्हणते, आणि घशाला सारखी कोरड.

१७ फेब्रुवारी
आठ मिलिमीटर. वाळलेलं फूल वाढत नाही. हे मी सतरा वर्षं शिकवलंय.

मामांना आधीच्या बाईंबद्दल विचारलं. ते आधी टाळत होते. मग म्हणाले, सोडून गेल्या असं आपलं म्हणायचं. एका दुपारी बघतो तर चष्मा टेबलावर, चपला टेबलाखाली आणि बाई नाहीत. दारातून जाताना कुणी पाहिलंच नाही. दिसायला कशा होत्या, म्हटलं. चारचौघींसारख्या, म्हणाले, फक्त डाव्या कानाची पाळी फाटलेली.

सहावीच्या कडेला चीर.

१९ फेब्रुवारी
आज सातवीवर एक पांढरी रेघ दिसली, चंद्रकोरीसारखी.

धाकटीच्या हनुवटीवर तशीच खूण आहे. चार वर्षांची असताना झोपाळ्यावरून पडली होती. झोका मीच दिला होता.

घरी येऊन तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. ती चिडली, म्हणाली, मी काय तुझा नमुना आहे?

हनुवटी कोरी आहे. खूण नाही.

२१ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणतात अशक्तपणा. तिचा हात खिडकीशी धरला तर उजेड आरपार येतो, शिरा पानासारख्या. झोपते तीही सपाट, कुणीतरी दाबून ठेवल्यासारखी.

तेरा मिलिमीटर. बाकीच्या पंधरा. म्हणजे दोन उरले.

तिचं नाव कुणी लिहिलं? मी.

२२ फेब्रुवारी
नियम मोडला. चिठ्ठी काढायला गेले. कोपरा जेमतेम उचकटला, पुढे निघेना. घरी आले तर धाकटी अंगठा धरून बसलेली. नख उचकटलंय, आपोआप, म्हणते.

काढता येत नाही. खोडता येत नाही. शेजारी चिकटवता येते.

पण चिठ्ठीवर खरंच लिहायचं असतं. आणि खरं तर तिनेच पाहिली.

२३ फेब्रुवारी
लिहिलं. आधीची चिठ्ठी चुकीची. सातवी पाकळी प्रथम मी पाहिली. नाव, तारीख.

आयुष्यातलं पहिलं लेखी खोटं. लिहिताना अडखळेन असं वाटलं होतं. अडखळले नाही.

२४ फेब्रुवारी
धाकटी उठली! चहा मागितला, वर पाणचट झालाय म्हणून बोलणी बसली. हनुवटीवर खूण आहे. मोरीत जाऊन रडले.

पाकळी चौदा. पांढरी रेघ गेली. टोक डावीकडे वाकलंय — माझ्या करंगळीसारखं.

माझी करंगळी आज सरळ आहे.

२५ फेब्रुवारी, सकाळ
घसा कोरडा. आवाज फुटत नाही. पेन धरताना बोटं करकरतात. अंगाला डांबरगोळ्यांचा वास —

असू दे. ती जेवतेय. मामांना खुणेनेच सांगितलं, हा कागद आत गेला की हे कपाट कायमचं बंद करा. आठवी कुणी मोजायला नको. ते माझ्या चपलांकडे बघत राहिले.

अर्धा मिलिमीटर —

दुपार
धाकटी आलीय. डबा विसरले होते, तो घेऊन. उड्या मारत जिना चढली, ऐकू आलं. माझ्यासमोर बसलीय. नमुन्याचा कागद ओढून बघतेय —

चिठ्ठी वाचली. हसतेय. म्हणते, ताई, हे खोटं आहे. तू असं लिहिशील? चुकून झालं असेल —

ओरडतेय मी. नुसती सळसळ होते. लिहून दाखवते तिला, हे वाच, इकडे बघ —

बघत नाही. नवी चिठ्ठी कापली. पेन उघडलं. म्हणते, थांब गं, आधी हे दुरुस्त करू दे, तूच शिकवलंस ना —

धाकटे, नाव नको लि