फाट्यावरचा फ्लेक्स

अमरदादा,

तू मळ्यातून येईस्तोवर मी मुंबईच्या गाडीत बसलेली असंल. चौसाळ्याच्या फाट्यावर माझा फ्लेक्स कावून लावलास? तुझ्या स्टेटसला बघितला. अमेरिकेच्या कॉलेजचं नुसतं पत्र आलंय, व्हिसा न्हाई. त्याची मुलाखत उद्या हाय, तिथल्या तिथं हो-न्हाई सांगतात. अन् तू 'परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन' छापून मोकळा! वर चौदा पुढारी, खाली कोपऱ्यात मी, तीबी दहावीच्या फोटोतली.

आप्पा लई खूश हायत, त्यांना काही बोलू नको. आजच गुपचूप उतरव. व्हिसा मिळाला तर परत लाव, शिडी मी धरते. न्हाई मिळाला तर परवा मला त्याच फ्लेक्सखाली एसटीतून उतरायचंय.

वैष्णवी