रांगेतल्या चपला

मी, सरहद्दीच्या नाक्याला लागून असलेल्या ट्रक-तळाची मालकीण, गुडघे गेलेली पण डोके ठिकाणावर असलेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने करून ठेवत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. तशी छाती या घरात कोणाची नाही. माझे डोके ठिकाणावर आहे याची खात्री डॉक्टरीणबाईंनी समोर बसून करून घेतली आहे, कारण कलम चार वाचून झाले की माझा दीर नेमका तोच मुद्दा काढणार.

कलम एक. तळाची जागा, राहते घर आणि कागदपत्रे भरून देण्याची टपरी माझ्या मुलाला मिळावी. मात्र कलम चार त्याने स्वतः पार पाडल्यानंतरच. तोवर कुंपणाचा एक खांबही विकायचा नाही. गोदामवाल्याशी त्याची बोलणी चालू आहेत हे मला ठाऊक आहे. भिंती पातळ आहेत आणि तो फोनवर ओरडून बोलतो.

कलम दोन. बँकेतली शिल्लक लेक आणि सून यांना निम्मी-निम्मी. सुनेला का, असे लेकीने विचारू नये. सकाळी दार उघडायला सून जाते, आणि दारात जे दिसते ते पाहून किंचाळत नाही. ते आजवर तिने शेजारीपाजारीही बोलून दाखवलेले नाही.

कलम तीन. माझ्या दिराला टपरीतली लोखंडी खुर्ची द्यावी. तिच्यावर बसूनच तो म्हणाला होता, "वहिनी, बायकांनी बॉर्डरच्या भानगडीत पडू नये." खुर्चीचा एक पाय आखूड आहे. तो दुरुस्त करून देऊ नये.

कलम चार. चपला. या मृत्युपत्रातले खरे कलम हेच. बाकीची तीन नसती तरी चालले असते.

माझ्या नवऱ्याच्या चपला आणि मी, आम्ही दोघांनी एकदमच सरहद्द ओलांडायची आहे. त्या एकट्या मागे राहिल्या तर पुढे या घरात कोणाच्या उशापाशी जाऊन थांबतील हे मला सांगता येत नाही. नातवंडे याच घरात झोपतात. म्हणून सगळे मुळापासून लिहिते.

पूर्वी आमच्या नाक्यावर रांग असे. आधी अलीकडचा वजनकाटा, मग अलीकडची तपासणी, मग पलीकडचा वजनकाटा आणि पलीकडची तपासणी. तोच माल दोनदा उतरवायचा, दोनदा चढवायचा. गाड्या इतक्या रखडत की ड्रायव्हर लोक रस्त्यावरच दाढी करत, तिथेच भांडत आणि तिथेच सोयरिकी जमवत. कोणाला गाडी दुरुस्तीला बाजूला घ्यावी लागली, तर तो आपल्या जागी रस्त्यावर चपला काढून ठेवी. त्या चपला म्हणजे त्याची गाडी. रांग सरकली की मागचा ड्रायव्हर उतरून त्या पुढे सरकवी, तेही हाताने. पायाने ढकलणाऱ्याला बाकीचे वाळीत टाकत.

माझा नवरा बटाटे घेऊन निघाला होता. रांगेत बटाट्यांना कोंब फुटले. गाडी तापली म्हणून त्याने ती आमच्या तळावर आणली आणि चपला रांगेत ठेवून अनवाणी घरी आला. दुपारी जेवला. "नंबर आला की उठव," म्हणाला आणि आडवा झाला. तो उठलाच नाही. अजून कधीकधी मी त्या पलंगाकडे बघून त्याला हाक मारते.

गाडीच्या मालकाने दुसरा ड्रायव्हर पाठवून गाडी परत नेली. ताडपत्रीखालून पांढरे कोंब बाहेर आले होते. चपला मात्र रांगेतच राहिल्या. मेलेल्या माणसाची जागा कोणी मोडायची, म्हणून ड्रायव्हर लोक त्या मायेने पुढे सरकवत राहिले. नाक्याच्या फाटकावर नंबर पुकारला गेला. समोर गाडी नव्हती, फक्त चपला होत्या. ज्याचा नंबर चुकला तो शेवटी, असा रांगेचा कायदा. कायद्याप्रमाणे चपला शेवटी जाऊन बसल्या.

मी आणायला गेले तेव्हा एक म्हातारा ड्रायव्हर आडवा आला. "वहिनी, नंबर लागल्याशिवाय नका उचलू. तो वाट बघतोय."

मी त्याचे ऐकले नाही. चपला घरी आणून कपाटात ठेवल्या आणि कुलूप लावले. सकाळी कपाटाला कुलूप तसेच होते, आणि चपला रांगेत.

तेव्हापासून त्या फिरतच राहिल्या. शेवटापासून फाटकापर्यंत, फाटकापासून पुन्हा शेवटी. जुने ड्रायव्हर गेले, नवे आले. त्यांना त्या कोणाच्या हे माहीतही नव्हते, तरी ते हाताने सरकवत. पट्टे कुजले नाहीत की तळ झिजला नाही.

मग मी टपरी टाकली, ट्रकवाल्यांच्या संघटनेत शिरले, कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. कागद गाडीच्या आधी पलीकडे पोचावेत, दोन्हीकडच्या साहेबांनी एकाच खोलीत बसावे, वजन एकदाच व्हावे, सील लावलेली गाडी वाटेत उघडू नये, हे सगळे मी मागत राहिले. साहेब लोक नाक मुरडत, मी पुन्हा जाई. पुढे लोकांनी माझा सत्कार केला. वाहतुकीचा खर्च कमी करणारी बाई, असे काहीतरी बोलले. खर्च कमी झाला, चांगलेच झाले. मला फक्त रांग नको होती. रांगच उरली नाही तर तो सुटेल, एवढाच माझा हिशेब होता.

रांग संपली. गाड्या आता वेग कमी करून निघून जातात. जुना रस्ता मोकळा पडला, आणि त्याच सकाळी चपला आमच्या कुंपणाशी दिसल्या. अंगठे घराकडे.

मुलगा म्हणाला, "आई, कोणीतरी चेष्टा करतंय." त्याने तळाच्या दाराला साखळी लावली. चपला नळापाशी आल्या. मग पायरीवर. मग ओसरीत. त्यांना आता दुसरी रांग नाही. आता रांग माझ्यापर्यंत आहे.

एका ओळखीच्या ड्रायव्हरकडे मी त्या पलीकडे पाठवून पाहिल्या. नाक्यावरच्या तरुण साहेबाने परत आणून दिल्या. "मावशी, सीलबंद गाडीत कागदावर नसलेली वस्तू जात नाही. नियम तुम्हीच मागून घेतलात ना." मग हसून म्हणाला, "कोणाच्या पायांत असतील तर जातील. अंगावरच्या वस्तूंना कागद लागत नाही."

मी त्या पायांत घातल्या आणि नाक्याच्या फाटकापर्यंत चालत गेले. तिथे पाय उचलेना. चपला मला मोठ्या होत नव्हत्या, उलट फार घट्ट होत होत्या. त्यांत आधीच कोणीतरी उभे होते, आणि एकटे जायला तयार नव्हते. मी भ्यायले. रस्त्यातच खाली बसून रडलेही. मग त्याला म्हटले, थोडं थांब, येते.

म्हणून माझी इच्छा अशी की, मला अलीकडे निरोप देऊ नये. माझे माहेर पलीकडे आहे, तिथे न्यावे. मृतदेह नेण्याची परवानगी आणि कागद मी आधीच पलीकडे पाठवून ठेवले आहेत; फक्त तारीख कोरी आहे. माझ्या पायांत त्याच्या चपला घालाव्यात. त्या तेव्हा बसतील. गाडी मुलाने चालवावी, दुसऱ्या कोणी नाही. जुन्या रस्त्याने जाऊ नये आणि फाटकापर्यंत कुठेही थांबू नये, चहालासुद्धा नाही.

फाटकावरचा माणूस विचारेल, गाडीत कोण आहे. बाळा, तिथे खोटे बोलू नकोस. "आईवडील" असे सांग.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांच्या देखत सही करत आहे. याआधी केलेले कुठलेही मृत्युपत्र नाही. याच्यानंतर करायला सवड मिळेल असे वाटत नाही.

सही: तळाची मालकीण
ठिकाण: राहते घर, आतली खोली
तारीख: रांग बंद झाल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यातला पहिला सोमवार, सकाळ

साक्षीदार पहिली, डॉक्टरीण: बाई पूर्ण शुद्धीत आहेत. त्यांनी माझ्यासमोर सही केली. सही करण्याआधी सदर चपला खोलीच्या उंबऱ्याबाहेर होत्या व त्यांचे अंगठे बाईंच्या पलंगाकडे होते, हे मी स्वतः पाहिले. सही होईपर्यंत आम्हा तिघांपैकी कोणीही जागचे उठले नाही.

साक्षीदार दुसरा, तळावरचा पंक्चरवाला: डॉक्टरीणबाईंनी लिहिलंय ते खरं आहे. मला जास्त लिहिता येत नाही. चपला आता पलंगाशी आहेत, वहिनींच्या पायांजवळ. अंगठे दाराकडे फिरलेत.